बेटं

सराफ्यात सोन्याची दुकानं मिटली
की त्यांच्याच ओट्यांवर कढया चढतात.
त्यातल्या एका कढईचं तेल
पौषात, रात्री पावणेबाराला
गेंदालाल राठौरच्या उजव्या हातावर आलं,
कोपरापासून बोटांपर्यंत.
त्याने म्हणे आधी सांडलेले गराडू वेचले,
मग हाताला टूथपेस्ट थापली.
ती काढायला मला तास लागला.
तो छताकडे बघून जिरावणाचा भाव सांगत होता.

मी ड्रेसिंगवाली. जळालेल्यांच्या वॉर्डात सव्वीस वर्षं.
कातडं किती खोल गेलंय हे मला
टाचणी टोचायच्या आधी कळतं:
दुखतंय म्हणाला तर बरं,
गप्प राहिला तर मी डॉक्टरकडे बघते.
गेंदालाल बोंबलला.
मी मनात म्हटलं, चला.

नवव्या दिवशी जाळी उचलली
तर ओल्या लालीवर
रव्याच्या दाण्याएवढे मोतिया ठिपके.
इथे एक, तिथे एक, मग दाट चार-पाच.
"सिस्टर, पस पड़ गया."
पू नव्हे रे बाबा. चामडी आहे तुझी.
त्याला पटलं नाही.
मलाही पहिल्या वर्षी पटलं नव्हतं.
मी एकदा पुसून काढले होते ठिपके, जोर लावून,
स्वच्छ करतेय असं वाटून.
त्या बाईचं नाव मला अजून आठवतं.

सरंजामे डॉक्टर नवीन आहे, हातवारे करून सांगते:
केसाच्या मुळाशी, जरा वर, एक फुगवटा असतो,
तिथे मूळपेशी बसून असतात.
त्यांचं काम केसाचं. दुसरं काही बघायचं नाही.
मला आमच्या लग्नांतली कोठीवरची मावशी दिसली,
मांडवात नाही, फोटोत नाही,
किल्ली कमरेला, पाट टाकून आत.
बाहेर पंगतीला तूप संपलं
की तीच उठते.
वरची कातडी सगळी गेली
तर ह्या उठतात. केस टाकतात तसाच अर्धा,
आणि विहिरीतून वर यावं तशा
भोकाभोकातून वर येतात, पसरतात.
प्रत्येक भोकाभोवती एक बेट.
बेटाला बेट लागलं की थांबतात.

(खालचा थर मात्र कधी कधी थांबत नाही.
महिन्यांनी दोरासारखा वळ उठतो, खाजतो, ओढतो.
ते मी नवव्या दिवशी सांगत नाही कुणाला.)

पण तळहाताला केस नसतात.
सव्वीस वर्षांत शेकडो तळहात भरून आलेले पाहिले,
आणि हे विचारायचं आत्ता सुचलं:
मग तिथे कोण उठतं?
घामाच्या नळ्या, ती म्हणाली,
त्यांच्याही आतल्या अंगाला असतात अशाच.
तेवढ्यात सहा नंबरवरून हाक आली.
मी गेले. दिवसभर
हातमोजे काढले की तळवे बघत होते स्वतःचे,
ओले, सुरकुतलेले, पावडर लागलेले.

गेंदालाल आला रंगपंचमी उलटल्यावर.
गेर बघून आलेला, कान हिरवे, डावा हात जांभळा,
उजव्यावर दुधाची पिशवी रबराने बांधलेली.
पिशवी काढली.
आत कोवळी, कोरी, गुलाबी कातडी,
दुसऱ्या कुणाची तरी उसनी आणल्यासारखी.
ऊन लागू देऊ नको, म्हटलं. खोबरेल लाव.
तो ऐकत नव्हता.
"और बाल?"

आता काय सांगू.
माझ्या मनगटावर सिगडीची खूण आहे, चार आण्याएवढी.
लहान होते, कुणी मोजून ठेवलं नाही
वर कितीजणी आल्या आणि मुळाशी कितीजणी उरल्या.
तिथे आजतागायत एकही केस नाही,
हात फिरवला की काचेसारखं लागतं.

"छह आए हैं," तोच म्हणाला,
"रोज गिनता हूँ."

मी चष्मा लावला, हात खिडकीकडे वळवला.
सात आहेत, म्हटलं.
एक कोपरामागे आहे,
तुला दिसत नाही तिथे.